वार लागत का नाही? ‘मॉरोविंड’विषयीच्या दोन टोकांच्या मतांबद्दल

गुहागरजवळच्या एका गावातून महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूने विचारले आहे: ‘“स्कायरिम” दोनदा पूर्ण केल्यावर मी “मॉरोविंड” घेतला. जुने खेळाडू म्हणतात, असा गेम पुन्हा झाला नाही. माझ्या वयाचे म्हणतात, आज तो खेळवत नाही. मी तीन संध्याकाळी प्रयत्न केला. समोरच्या माणसावर सुरा चालवतो, सुरा त्याच्या अंगावरून जाताना स्पष्ट दिसतो आणि तरी वार लागत नाही. चालण्याचा वेग कंटाळवाणा आहे, नकाशावर कुठे जायचे त्याची खूण नाही, आणि पहिल्याच गुहेत चार वेळा मेलो. चूक माझी, गेमची, की त्याचे कौतुक करणाऱ्यांची?’

तुम्ही सांगितलेली प्रत्येक तक्रार खरी आहे, आणि ती मी नव्याने ऐकत नाही. 2004 च्या पावसाळ्यापासून पुढे बारा वर्षे मी रत्नागिरीत गेम खेळण्यासाठी संगणकांची खोली चालवली, आणि या काळात हा गेम पहिल्यांदा सुरू करणारी कितीतरी मुले मी त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून पाहिली. आजही लोकांचे जुने लॅपटॉप दुरुस्तीला येतात तेव्हा त्यांतल्या काहींवर हा गेम बसवून देण्याची विनंती असतेच. इतक्या वर्षांत माझे एक निरीक्षण पक्के झाले आहे. या गेमविषयीची दोन टोकांची मते बहुतेक वेळा एकाच गोष्टीविषयी नसतात. नापसंतीचे मत पहिल्या तीन तासांविषयी असते, पसंतीचे मत तीस तासांनंतर दिसणाऱ्या गेमविषयी असते, आणि दोन्ही बाजूंना आपण संपूर्ण गेमविषयी बोलत आहोत असे मनापासून वाटत असते. दुसरी गोष्ट अशी की, खेळाडूची तक्रार जवळजवळ नेहमी खरी असते, परंतु तो तिचे जे कारण सांगतो ते क्वचितच खरे असते. म्हणून मते वाचताना तक्रारीवर विश्वास ठेवावा आणि कारण मात्र स्वतः तपासावे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ‘द एल्डर स्क्रोल्स’ या मालिकेतला हा तिसरा मुख्य गेम बेथेस्डाने मे 2002 मध्ये संगणकासाठी आणला आणि त्यानंतर लवकरच तो एक्सबॉक्सवर आला. टॉड हॉवर्ड प्रकल्पप्रमुख होते, केन रोल्स्टन मुख्य रचनाकार होते आणि संगीत जेरेमी सोल यांचे होते. त्याआधीचा ‘डॅगरफॉल’ 1996 चा. त्याचा प्रदेश अवाढव्य होता, पण बहुतांश संगणकाने आपोआप घडवलेला होता. ‘मॉरोविंड’मध्ये मात्र व्हार्डेनफेल नावाचे एकच बेट घेऊन त्यावरचे गाव, गुहा, थडगे, अगदी फडताळावरची वाटीसुद्धा माणसांनी हाताने मांडली. त्या वेळी ‘डॅगरफॉल’च्या चाहत्यांनी काय म्हटले असेल? गेम लहान झाला, सोपा झाला, नव्या पोरांसाठी पातळ केला, असे म्हटले. पुढे 2006 मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ आला तेव्हा हीच वाक्ये ‘मॉरोविंड’च्या चाहत्यांनी उच्चारली, आणि 2011 च्या ‘स्कायरिम’नंतर ‘ऑब्लिव्हियन’च्या चाहत्यांनी. जुने खेळाडू जेव्हा ‘असा गेम पुन्हा झाला नाही’ म्हणतात, तेव्हा त्यातला काही भाग त्यांच्या सोळाव्या वर्षाविषयी असतो. तो भाग वजा करूनही बरेच काही शिल्लक राहते, आणि ते काय आहे हे सांगण्यासाठीच हे उत्तर एवढे लांबणार आहे.

आता तुमचा सुरा. ‘स्कायरिम’मध्ये तुमच्या हाताने नेम धरला की वार लागतो, पात्राच्या कौशल्याने ठरते ते इतकेच की इजा किती होईल. ‘मॉरोविंड’मध्ये तुमचा हात केवळ वार करण्याचा निर्णय घेतो, आणि तो लागला की नाही हे पात्राच्या आकड्यांवर, फासा टाकून ठरते. हिशोब असा आहे. त्या शस्त्राच्या कौशल्याचा आकडा घ्यायचा, त्यात चपळतेचा पाचवा हिस्सा आणि नशिबाचा दहावा हिस्सा मिळवायचा, आणि आलेल्या बेरजेला दमाच्या प्रमाणात गुणायचे. दमाची हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर गुणक 1.25 असतो, ती पूर्ण रिकामी असेल तर 0.75. यातून समोरच्याची वार चुकवण्याची क्षमता वजा होते. तीही त्याच्या चपळतेवरून, नशिबावरून आणि दमावरून याच पद्धतीने निघते. जे उरेल ते शंभरात किती वार लागतील याचे उत्तर.

गेमच्या सुरुवातीला जकात कचेरीत टेबलावर एक लोखंडी सुरा मिळतो, आणि तुमच्याप्रमाणे बहुतेक जण तोच उचलून निघतात. समजा तुम्ही ‘शॉर्ट ब्लेड’ हे कौशल्य मुख्य किंवा दुय्यम यादीत निवडलेले नाही. तर त्याचा आकडा 5 असू शकतो. चपळता 40 आणि नशीब 40 धरले तर बेरीज 17 होते. दम पूर्ण असताना ती 21.25 होते, आणि समोरचा तुमच्याइतकाच चपळ व ताजातवाना असेल तर त्याचे 15 वजा जातात. उरले सव्वासहा, म्हणजे शंभरात सहा वार. आता हेच करण्यापूर्वी तुम्ही गावापासून गुहेपर्यंत धावत आलात आणि दम संपला असे धरा: बेरीज 12.75 वर येते, तिच्यातून 15 वजा केले की काहीच उरत नाही. तुम्ही उजाडेपर्यंत सुरा चालवला तरी समोरचा तुमच्यासमोर उभाच राहणार. याउलट रेडगार्ड वंशाचे पात्र घेऊन, लढाई ही विशेषता निवडून, ‘लाँग ब्लेड’ मुख्य कौशल्य केले तर तो आकडा पहिल्या क्षणीच 50 असतो. तीच चपळता, तेच नशीब, तोच प्रतिस्पर्धी धरला तर दम भरलेला असताना शंभरात बासष्ट वार लागतात आणि दम संपलेला असताना एकतीस. गेम तोच, गुहा तीच, बदलले ते फक्त तुम्ही हातात काय धरले आणि कसे चालत आलात एवढेच.

हे गणित मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना कागदावर करून दाखवत असे, आणि ते पाहिल्यावर त्यांच्यापैकी निम्म्या जणांचा राग तिथेच शांत होई. उरलेल्यांचा होत नसे, आणि त्यांचेही म्हणणे मला मान्य आहे. पहिल्या व्यक्तीच्या नजरेतून जग दाखवायचे, तलवार हातात द्यायची, ती लागल्यासारखी दिसू द्यायची आणि मग ‘लागली नाही’ म्हणायचे, यात डोळ्यांची फसवणूक आहे. कागदावर फासे टाकून खेळायच्या खेळात हीच गोष्ट कोणाला खटकत नाही, कारण तिथे सूत्रधार ‘त्याने अंग चोरले’ असे सांगून मोकळा होतो. इथे अंग चोरल्याची हालचाल काढलेलीच नाही. हा गेमचा दोष आहे. पण तो चित्रणाचा दोष आहे, पद्धतीचा नाही, आणि तुमच्या गुहेतल्या चार मरणांना तो कारणीभूत नाही. त्यांना कारणीभूत आहे ती हिरवी पट्टी, जिच्याकडे ‘स्कायरिम’हून आलेला खेळाडू ढुंकूनही पाहत नाही. मंत्र साधणे, कुलूप उघडणे, समोरच्याचे मन वळवणे, दुकानदाराशी घासाघीस करणे या सगळ्यात दमाचा वाटा आहे. दुकानात धापा टाकत शिरलात तर भावसुद्धा वाईट मिळतो. हा बारकावा कळला तेव्हा मला या गेमविषयी पहिल्यांदा प्रेम वाटले.

नकाशावर खूण नसण्याच्या तक्रारीकडे येतो, कारण माझ्या मते या गेमविषयीचे खरे मतभेद इथे आहेत आणि कोकणात वाढलेल्या माणसाला इथे एक सोय आहे.

माझ्या खोलीत एक मुलगा दर शनिवारी खाडीपलीकडच्या गावातून येत असे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले, इंग्रजी वाचायला वेळ लागे, म्हणून शब्दकोश आणि दोनशे पानी वही घेऊन बसायचा. त्याच्या शेजारच्या संगणकावर बंदुकीच्या गेममध्ये तरबेज असलेला एक जण बसे, ज्याने ‘मॉरोविंड’ चाळीस मिनिटे खेळून ‘यात बिघाड आहे’ असे सांगून सोडून दिला होता. पहिल्या मुलाला मुख्य कथेतले सुरुवातीचे काम मिळाले होते: ड्वेमर या प्राचीन लोकांच्या आर्कंगथँड नावाच्या पडक्या वास्तूतून एक छोटी पेटी आणायची. काम सांगणारा माणूस रस्ता तोंडी सांगतो. बाल्मोरा गावाच्या दक्षिणेकडून बाहेर पडा, नदी ओलांडून पूर्वेला मूनमॉथच्या किल्ल्याकडे जा, किल्ला मागे टाकून पुढे गेलात की लाव्हाने कोरलेल्या खोल घळीवर ड्वेमरांचा जुना पूल लागेल, तो ओलांडा, वर चढा, आणि दाराजवळच्या पाइपावरचे चाक फिरवा म्हणजे दार उघडेल. त्या मुलाने हे सगळे वहीत आपल्या शब्दांत उतरवून घेतले होते. मी डोकावून पाहिले तर त्याने लिहिले होते: ‘किल्ल्याच्या गडग्याकडेने पुढे. मोठा पऱ्या, सुका. त्यावर साकव. साकवापलीकडे घाटी चढायची.’

मला त्या क्षणी जे उमगले ते असे. आमच्याकडे कोणाच्या घरी पहिल्यांदा जायचे तर आजही रस्ता असाच सांगतात: तिठ्यावर उतरा, पिंपळाच्या पाराकडून खाली या, साकव ओलांडा, गडग्याच्या कडेने वर चढलात की कातळ लागेल, कातळ संपताना उजव्या हाताला आमची वाडी. ऐकणारा ते नीट ऐकतो, खुणा मनात लावून घेतो, आणि चुकला तर वाटेत भेटलेल्या माणसाला विचारतो. ‘मॉरोविंड’ तुमच्याकडून हीच अपेक्षा करतो. बाण दाखवणारा गेम तुम्हाला बाणाकडे बघायला शिकवतो, आणि बाणाकडे बघत चाललेल्या माणसाला घळ कशी होती, पूल कोणाच्या बांधणीचा होता, पलीकडच्या डोंगराचा रंग काय होता हे आठवत नाही. त्या मुलाला मी दोन वर्षांनी विचारले तेव्हाही तो बाल्मोरापासून आर्कंगथँडपर्यंतचा रस्ता डोळे मिटून सांगू शकत होता.

तरीही या बाबतीत गेमचे कौतुक करणारे एक गोष्ट लपवतात, ती सांगितली पाहिजे. सांगितलेल्या सगळ्याच वाटा बरोबर नाहीत. काही ठिकाणी दिशा चुकीची सांगितली आहे, काही ठिकाणी खूण इतकी मोघम आहे की दोन डोंगर धुंडाळावे लागतात. आर्कंगथँडमधली ती पेटीसुद्धा फडताळावरच्या इतर वस्तूंमध्ये हरवून जाईल इतकी लहान आहे, आणि तिच्यापायी कित्येकांनी गेम सोडला आहे. त्यात भर म्हणजे मूळ गेममधली नोंदवही केवळ तारखेप्रमाणे चालत असे. एका कामाच्या नोंदी एकत्र पाहायची सोय नोव्हेंबर 2002 मध्ये आलेल्या ‘ट्रायब्युनल’ या विस्ताराने दिली. म्हणून वही ठेवा. ही सोय म्हणून सांगत नाही, गेमच्या काळात ती खेळाचाच भाग होती.

चालण्याच्या वेगाविषयी थोडक्यात. पात्र सुरुवातीला खरोखर मंद चालते आणि ‘अ‍ॅथलेटिक्स’ हे कौशल्य वाढल्यावर त्याचा धावण्याचा वेग बराच सुधारतो. पण तक्रार करणारे बहुतेक जण प्रवासाच्या सोयी न वापरता पायीच हिंडत असतात. सिल्ट स्ट्रायडर नावाच्या प्रचंड किड्याच्या पाठीवरची वाहतूक आहे, होड्या आहेत, मेजेस गिल्ड या जादूगारांच्या संघाच्या शाखांमध्ये पैसे भरून एका क्षणात दुसऱ्या शाखेत पोहोचवणारे लोक आहेत, जवळच्या देवळात नेणारे मंत्र आहेत, आणि ‘मार्क’ व ‘रिकॉल’ ही जोडी आहे, जिने खूण केलेल्या जागी कुठूनही परतता येते. या सगळ्यांचे मार्ग एकमेकांना पूर्ण जुळत नाहीत. इथून तिथे थेट गाडी नाही, मध्ये बदलावी लागते, शेवटचे दोन मैल पायी. एसटीने गाव गाठणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको. वेगाचे वेड असेल तर काल्डेरा आणि नार मोक यांच्यामधल्या वाटेवर एक बाई भेटते. तिच्याकडच्या बुटांनी वेग 200 ने वाढतो आणि डोळ्यांपुढे पूर्ण अंधार होतो. जादूला निम्मा विरोध जन्मतःच असलेल्या ब्रेटन वंशाच्या खेळाडूंनी त्यावरही तोड काढली आहे. ती तुम्ही स्वतः शोधा, तिच्यात गंमत आहे.

सुरुवातीच्या सेडा नीन गावाहून उत्तरेच्या वाटेला लागलात की आकाशातून किंकाळी ऐकू येते आणि एक जादूगार तुमच्यासमोर येऊन आपटून मरतो. त्याच्याजवळ तीन गुंडाळ्या असतात. त्या वाचल्या की सात सेकंद उडी मारण्याचे कौशल्य 1000 ने वाढते. वाचून उडी मारलीत तर निम्मे बेट पायाखालून जाते, आणि मग तुम्हाला कळते की तो का मेला: सात सेकंद संपल्यावर खाली येताना कौशल्य उरलेले नसते. गेम इथे एक शब्दही समजावत नाही. वस्तू देतो, तिचा परिणाम समोर पडलेला दाखवतो, आणि बाजूला होतो. हवेत तरंगण्याचा मंत्र, खूण करून परतण्याचा मंत्र, स्वतःचे मंत्र घडवण्याची मुभा, कथेसाठी अत्यावश्यक असलेल्या माणसालाही ठार करण्याचे स्वातंत्र्य (तसे केलेत तर भविष्यवाणीचा धागा तुटल्याचे सांगून, जुना सेव्ह, म्हणजे जतन केलेला खेळ, उघडा किंवा या शापित जगातच राहा, असे दोन मार्ग गेम देतो) हे सारे त्याच वृत्तीतून आलेले आहे. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये शहरे स्वतंत्र बंदिस्त भाग झाली, त्यामुळे भिंतीवरून तरंगत जाण्याला जागाच उरली नाही आणि तो मंत्र काढून टाकावा लागला. जुने खेळाडू ‘पुन्हा झाला नाही’ म्हणतात तेव्हा त्यांच्या सोळाव्या वर्षाखेरीज शिल्लक राहणारा भाग हा आहे.

आणखी एक भाग आहे, ज्याविषयी मते देणारे कमी बोलतात, कारण तो मोजता येत नाही. या बेटावरचे मूळ लोक, डनमर, आपल्या पूर्वजांना पूजतात. प्रत्येक घराण्याचे थडगे असते आणि त्यात पूर्वजांचा आत्मा राखण करतो. त्यांच्याकडे तीन जिवंत देवही आहेत, आणि राख उधळणाऱ्या पठारावरच्या टोळ्या त्या देवांना मानत नाहीत. रेड माउंटनच्या पायथ्याशी फार पूर्वी नेमके काय घडले, याच्या देवळाच्या पुस्तकातल्या, टोळ्यांच्या तोंडच्या आणि देवाच्या स्वतःच्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत, आणि गेम शेवटपर्यंत निवाडा देत नाही. बाहेरचे खेळाडू याला परग्रहासारखे विचित्र जग म्हणतात. माझ्याकडची मुले तसे म्हणत नसत. त्या थडग्यातल्या आत्म्याला पाहून ‘राखणदार’ हा शब्द त्यांच्या तोंडून आपोआप निघे, आणि एका देवळाच्या दोन वाड्यांत दोन आख्यायिका असू शकतात याचे त्यांना नवल नव्हते. सुरुवातीचा बिटर कोस्टचा किनारा, दलदल, धुके, रिपरिप पाऊस, पाण्यात उभी झाडे, हे तर खाजणाच्या काठी वाढलेल्याला घरचेच वाटते. मला वाटते, या गेमविषयीची मते माणूस कुठून आला आहे यावरही अवलंबून असतात, आणि या बाबतीत तुम्ही लाभात आहात.

आता ज्या दोषांबद्दल चाहते गप्प बसतात ते स्पष्ट सांगतो. गावातली माणसे दिवसरात्र एकाच जागी उभी असतात. संवाद बहुतांशी लिखित असल्याने विषय भरपूर आहेत, पण दहा माणसांना एकच प्रश्न विचारला तर दहाही जण शब्दशः एकच परिच्छेद सांगतात. क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी इतका पिच्छा पुरवतात की खेळाडूंची ती तक्रार पुढच्या गेमच्या कथेतच शिरली: तुमच्याबरोबर कैदी म्हणून जहाजात असलेला जिउब हा त्या प्राण्यांना हुसकावून लावून संत झाला, असे ‘ऑब्लिव्हियन’मध्ये ऐकायला मिळते. पातळी वाढवताना कोणत्या गुणाला किती गुणक मिळेल हे आधी वाढलेल्या कौशल्यांवरून ठरते, त्यामुळे काही जण खेळायचे सोडून हिशोबनीस होतात. तुम्ही फक्त सहनशक्ती लवकर वाढवा, कारण प्रत्येक पातळीला मिळणारे आयुष्य तिच्या दहाव्या हिश्शाइतके असते आणि मागचे नुकसान नंतर भरून येत नाही. बाकी हिशोब सोडून द्या. सर्वांत मोठा दोष शेवटाकडे आहे. सुरुवातीला चिखलातल्या खेकड्याला भ्यायलेले पात्र पुढे इतके बलाढ्य होते की मुख्य शत्रूही किरकोळ वाटतो. बुद्धी वाढवणारी औषधे पिऊन आणखी प्रबळ औषधे बनवण्याची युक्ती वापरलीत तर हे वीस तासांतच होईल. पहिल्या खेळात ती वापरू नका.

तुमच्या आवृत्तीविषयी एक सावधगिरी. आज विकली जाणारी प्रत ‘ट्रायब्युनल’ आणि 2003 चा ‘ब्लडमून’ हे दोन्ही विस्तार धरून असते. ‘ट्रायब्युनल’मुळे तुम्ही अगदी नवखे असतानाच, विश्रांती घेताना मारेकरी अंगावर येऊ शकतात. नव्या खेळाडूला ते अन्यायकारक वाटते, आणि चुकून जिंकलात तर त्यांची किमती चिलखते विकून पैशाची अडचणच संपते, जी सुरुवातीची अर्धी गोडी आहे. हा हल्ला पुढे ढकलणारे छोटे मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले फेरबदल, मिळतात. मी बसवून देतो तेव्हा ते नेहमी घालतो. गेम चालवण्यासाठी ओपन-एम-डब्ल्यू हे खुल्या स्रोताचे इंजिन वापरा. मूळ गेमच्या फाइल्स तुमच्याकडे असाव्या लागतात, त्या आहेतच. जुन्या लॅपटॉपवरही ते स्थिर चालते. त्यात फार दूरवरचे दृश्य दाखवण्याची सोय आहे. पहिल्या खेळात ती जपून वापरा. मूळ गेममधले धुके तेव्हाच्या संगणकांच्या मर्यादेमुळे आले होते, पण त्याच धुक्याने आणि मंद चालीने ते बेट मोठे वाटत असे. धुके पूर्ण हटवलेत की एका टेकडीवरून शेजारचे गाव दिसते आणि ज्याला तुम्ही प्रवास समजत होता ते दहा मिनिटांचे अंतर होते हे उघडे पडते.

तुमचा आताचा सेव्ह टाकून देऊ नका. पात्राच्या कौशल्यांचे पान उघडून पाहा, शस्त्रांपैकी कोणाचा आकडा सर्वांत मोठा आहे. सेडा नीनमध्ये फारगोथ नावाच्या वुड एल्फला त्याची हरवलेली अंगठी परत करा, म्हणजे त्याचा मित्र असलेला दुकानदार आरिल तुमच्याशी बरा वागेल, आणि त्याच्याकडून जमेल तर त्या कौशल्याचे शस्त्र घ्या; सुरा विकून टाका. पर्यायांमध्ये जाऊन नेहमी सर्वांत परिणामकारक वार करण्याची सोय चालू करा. वार करताना बटन क्षणभर दाबून धरा, कारण जितके धराल तितकी इजा वाढते. गुहेच्या तोंडाशी थांबा, हिरवी पट्टी भरू द्या, आणि आत चालत जा. चार वेळा ज्याने मारले त्याच्यावर हे एकदा करून पाहा. मग सिल्ट स्ट्रायडरने बाल्मोराला जाऊन मुख्य कथेतली कामे देणाऱ्या कायस कोसाडेसला भेटा. तो तुम्हाला दोनशे नाणी देईल आणि सांगेल की एवढ्यात काही काम नाही, एखाद्या गिल्डमध्ये शीर, थोडा अनुभव घे आणि मग ये. नवे खेळाडू याला अडथळा समजतात आणि तसेच पुढचे काम मागतात. त्याचे म्हणणे शब्दशः घ्या. फायटर्स गिल्डमध्ये नाव घाला, पैसे मिळतील तसे तिथल्या लोकांकडून शिकून घ्या, चार-पाच कामे करा आणि पात्राची पातळी थोडी वाढल्यावरच त्याच्याकडे परत जा.

सेव्ह मात्र तीन-चार निरनिराळ्या नावांनी करत राहा. त्या शनिवारच्या मुलाची अडीच तासांची मेहनत ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी वीज गेल्यामुळे वाया गेली होती, कारण तो एकाच सेव्हवर लिहीत होता आणि लिहिता लिहिताच संगणक बंद पडला. पुढच्या शनिवारी तो वही उघडून पुन्हा किल्ल्यापासून निघाला, आणि या वेळी त्याला ती पेटी पाऊण तासात सापडली.